आधी मला टोच

"उंदरांना देतेस, मग माझ्या ओवीला का नाही?" प्रयोगशाळेतल्या फ्रीजसमोर उभं राहून ताईने धाकट्या बहिणीला, हेमांगीला, विचारलं.

हेमांगीने पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण बनवले होते. त्यात भरलेलं औषध रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोहोचायचं. ताईच्या मुलीच्या, ओवीच्या, मेंदूतल्या गाठीवर डॉक्टरांकडे दुसरा उपाय उरला नव्हता.

हेमांगी तिला पिंजऱ्यांपाशी घेऊन गेली. कान पिवळे पडलेले उंदीर भुशात निपचित पडले होते.

"यांची गाठ विरघळली, ताई. पण कण यकृतात साचले, कावीळ झाली. माणसाला हे अजून कुणीच दिलेलं नाही."

 ताईने बाही वर सारून हात पुढे केला.

"आधी मला टोच. मी जगले, तर तिला दे."

हेमांगीने कुपी काढली, सिरिंज भरली. ताईची शीर बोटाखाली लागली, तेव्हा आपण खरंच टोचणार आहोत हे हेमांगीला कळलं. तिने सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. मग फ्रीजमधल्या उरलेल्या कुप्याही ओतल्या.

 ताई ओल्या बेसिनमधून बोटं फिरवत राहिली.