उतरेना
व्यायामाच्या जुन्या सामानाच्या दुकानात रंगारी तिसऱ्या सायकलवर बसला आणि पहिल्यांदाच कण्हला नाही.

शिडीवरून पडून त्याचा गुडघा मोडला, त्याला चार महिने होत आले होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या बायकोला बजावलं होतं, की सायकल पाठ टेकून बसायची बघा, पायडल हलकं हवं, आणि जुनी घेणार असाल तर त्यांना बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आधीच्या दोन्हींवर गुडघा अर्ध्यातच अडला होता. ही जणू त्याच्याच मापाने बेतलेली. सीटही सरकवावी लागली नाही.

"दुखतंय का हो?"

"काहीच नाही," तो म्हणाला आणि चक्क हसला.

बायकोचा जीव भांड्यात पडला. ही आधी कोणाकडे होती, असं तिने दुकानदाराला विचारलं. वजनं पुसता पुसता तो तिच्याजवळ सरकला. एका सुताराकडे, त्याने हलक्या आवाजात सांगितलं. त्याचाही गुडघाच होता. महिन्याभरात ठणठणीत झाला.

"मग विकली का?"

"आईने आणून टाकली त्याच्या." तो घुटमळला. "बरा झाला, पण उतरेना."

तो सुतार आता कुठे असतो, असं तिने विचारलं, तर तो पुन्हा वजनं पुसू लागला.

बायकोने वळून पाहिलं. रंगारी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता, ओठ हलत होते, पाय एका लयीत फिरत होते.

"अहो, बस झालं. उतरा आता."

"हो, उतरतो," तो म्हणाला. पाय फिरतच राहिले.

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गुडघा लोखंडासारखा गार होता. मग तिने आणि दुकानदाराने दोन्ही बगलांत हात घालून त्याला अक्षरशः ओढून काढलं. पाय जमिनीला टेकताच तो वेदनेने कळवळला. ते कळवळणं ऐकून तिला रडू फुटलं.

काहीही न घेता दोघं बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत तो तिच्या खांद्यावर भार टाकून निमूट लंगडत आला. मग थांबला.

"बिचारा फार दमलाय गं," तो म्हणाला. "मी कायमचा बसलो तरच त्याला उतरता येईल, म्हणतो."

तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याला पुढे ओढलं.

"उद्या येतो म्हणून शब्द दिलाय मी त्याला."