आप्पाजींचं पत्र

"अक्का, तुमच्या फाइलीत दोन कागद हाईत," विद्यापीठाच्या खिडकीतून महांतेश क्लार्क पवित्राला म्हणाला. तिने एकच दिला होता.

तो म्हणजे तिचं अपील. परीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली म्हणून विद्यापीठाने तिला दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी घातली होती. चिठ्ठी तिची नव्हती, अक्षरसुद्धा तिचं नव्हतं. तेच तिने चारदा खाडाखोड करून लिहिलं होतं आणि आता दहा मिनिटांत समितीपुढे उभं राहून सांगायचं होतं. बंदी कायम राहिली, तर एकदा निपाणीला परत गेलेल्या मुलीला पुन्हा बंगलोरला कोण धाडणार होतं?

महांतेशने दुसरा कागद पुढे सरकवला. रजिस्टर पोस्टाने आलेला. वळणदार अक्षर, माथ्यावर श्री. 'आमच्या मुलीकडून झालेली चूक पदरात घ्यावी. पोरवय आहे. तिच्या वतीने मी साहेबांचे पाय धरतो.' खाली वडिलांची, आप्पाजींची सही.

आप्पाजी मागच्याच बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"आप्पा, हे काय केलंत तुम्ही?"

"अगं, वरच्या माणसांपुढं आधी नमतं घ्यायचं असतंय," ते कुजबुजले. मामलेदार असो की व्याही, जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. आधी माफी, मग बोलणं. त्यात त्यांचं आजवर काही बिघडलं नव्हतं.

"बिघडलं की वो आता," महांतेश म्हणाला. तोही त्यांच्याच भागातला, चिकोडीकडचा, म्हणून एवढं तरी सांगत होता. "हितं माफी म्हंजे कबुली. आत पहिल्यांदा ह्याचंच कन्नड करून वाचतील. काय माहीत नसताना लिवलं, मागं घेतो, असं लिवून द्या. स्वल्प घाई करा, आत्ता हाक येईल."

"साहेब चिडले म्हणजे?" आप्पाजींनी विचारलं.

पवित्राने वहीचं पान फाडलं आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं.

"लिहा आप्पा. तुमच्या पाया पडते."

त्यांनी तारीख घातली. 'ते पत्र मी माझ्या मुलीला न विचारता' एवढं लिहून झालं. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने तिचं नाव पुकारलं.

पेन कागदावरच थांबलं. आप्पाजींनी मान वर केली.

"बाळ," त्यांनी अगदी हळू विचारलं, "चिठ्ठी खरंच तुझी नव्हती ना?"