दोन आटे सैल

शरच्चंद्र आंघोळीला गेले, तशी कालिंदी दोन जिने उतरून अंगणात आली. गाडीचं बॉनेट तिने अलगद उचललं, कॉइलची वायर अर्धी बाहेर ओढली आणि बॉनेट पुन्हा दाबून लावलं. न्हाणीघरातला नळ बंद व्हायच्या आत ती वर येऊन पोहे परतत होती.

"जरा गाडी सुरू करून येतो," शरच्चंद्र डोकं पुसत म्हणाले.

"या. तोवर चहा टाकते."

दहा मिनिटांनी खालून हाक आली. "कालिंदी! अगं, ही काही बोलेना. टॉर्च घेऊन ये."

ती गॅस बंद करून निघाली.

गाडी म्हणजे शरच्चंद्रांच्या वडिलांनी घेतलेली चौसष्ट सालची फियाट. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट बाकासारखी सलग. खोताच्या वाडीमागच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू बदलले, जिन्याचा रंग बदलला, पण अंगणातली तिची जागा कुणी घेतली नव्हती.

"बघ, सेल्फ मारतोय, पण पकडत नाही," शरच्चंद्र म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं? करंट येत नसेल."

"असेल. वायरी बघू म्हणतेस?"

"बघा की."

तिने टॉर्च धरला. त्यांनी आधी प्लग काढून पुसले, मग बॅटरी तपासली, मग कार्ब्युरेटरकडे वळले. कॉइलपर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला. त्यांचे हात काळे झाले होते आणि ते जुनं कुठलंतरी गाणं गुणगुणत होते. ते ऐकण्यासाठी ती आणखी पाऊण तास उभी राहिली असती.

त्यांची लेक रुचा गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. थोरला उन्मेष नाशकात, घरात होती ती रुचाच. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर शरच्चंद्र सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, ते जेवायलाच उठत. बँकेतल्या मित्रांचे फोन वाजून वाजून बंद होत. कालिंदी पलंगावर पडून हे सगळं बघत असे.

मग मागच्या दिवाळीनंतर एकदा ते गाडी बघायला म्हणून खाली गेले आणि गाडी बंद पडलेली निघाली. त्यांनी इतक्या हाका मारल्या, की शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. शेवटी कालिंदीला उतरावंच लागलं. तिने टॉर्च धरला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला, मागितला तो पाना दिला. तीन तास गेले. त्या दुपारी शरच्चंद्रांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

कालिंदी त्यांच्या ताटाकडे बघत राहिली. या माणसाला दुरुस्त करायला काहीतरी हवंय, हे तिला तेव्हा कळलं.

गाडी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत शरच्चंद्र पुन्हा खुर्चीत. मग कालिंदीने मोबाइलवर व्हिडिओ शोधले. बॅटरीचं टर्मिनल कसं सैल करायचं, कार्ब्युरेटरचा स्क्रू दोन आटे कसा फिरवायचा, प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल केली की इंजिन कसं गचके खातं. हळूहळू हात बसला. कधी कधी तिने काही न करताही गाडी बंद पडे. साठ वर्षांची गाडी, ती मनाशी म्हणे, आणि त्या आठवड्याची मेहनत वाचली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकी.

कॉइलची वायर बसली, इंजिन घुरघुरलं. तेवढ्यात उन्मेषचा फोन आला. येत्या रविवारी नातीचं बारसं ठरलं होतं.

"आम्ही येतो," शरच्चंद्र म्हणाले. "फियाट घेऊन येतो."

फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "जायचं ना? आपण दोघंच. मजेत."

"जाऊ," कालिंदी म्हणाली.

आठ महिन्यांत तिने काय काय सैल केलं होतं, त्यातलं काय नीट बसलं होतं, काय नव्हतं, कुणाला ठाऊक. समोर कसाऱ्याचा घाट होता.

दुसऱ्या दिवशी बाळासाठी झबलं आणते सांगून ती बाहेर पडली आणि बस पकडून भोईवाड्यात रघूच्या गॅरेजवर गेली. रघू तीस वर्षं त्यांची गाडी बघत होता. फियाटचे भाग हल्ली कुठे मिळतात, हे मुंबईत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"वहिनी? तुम्ही एकट्या?" त्याने घाईने स्टूल पुसून पुढे केलं. "बसा, बसा. साहेब बरे हायत ना?"

"बरे आहेत. रघूभाऊ, गाडी रविवारी नाशकाला न्यायची आहे. त्याआधी येऊन एक न् एक नट तपासा. आणि हे..." तिने पर्समधून चिठ्ठी काढली. "हे सगळं नीट बघा."

रघूने चिठ्ठी वाचली. टर्मिनल, पॉइंट, स्क्रू, पेट्रोलचा पाइप. ओळीने लिहिलेलं होतं.

"ह्ये कुणी शोधून काढलं?"

"शोधलं नाही. मीच केलंय. ते पार मिटून गेले होते, रघूभाऊ. गाडी बिघडली की उठायचे, म्हणून मी बिघडवत राहिले. आता ते सावरलेत. त्यांना यातलं काही सांगू नका. वाईट वाटेल त्यांना."

रघूने चिठ्ठीची घडी घातली. मग फडक्याला हात पुसले.

"वहिनी, खरं सांगू?" तो म्हणाला. "मागच्या दिवाळीत साहेब हितंच बसले होते. म्हणाले, 'रघू, कालिंदी पलंगावरून उठतच नाही रे. गाडी कशी बिघडवायची ते शिकव मला. बिघाड असा सांग, की दुरुस्तीला दोन माणसं लागतील.'"