बत्तीस अक्षरं

मुख्य कचेरीने खराब माल पाठवला आणि नाव सुनयनाचं घेतलं. गोड शब्दांत सांगण्यासारखं यात काही नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर त्यांनी सीडीवर भरून वाशीच्या ऑफिसात धाडलं, तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी सुनयना ते मशीनवर चढवत असताना तीनदा अर्ध्यावर मेलं, आणि न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरांचे कागद दोन दिवस अडकले. मग मुख्य कचेरीतून रणजीत साहेब स्वतः आले, पत्र टाइप करूनच. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' अशी सुरुवात होती. खाली सुनयनाची सही तेवढी बाकी. सही केली की नोकरी संपली.

साहेबांनी पुरावाही आणला होता. कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलीचा बत्तीस अक्षरांचा, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला, एक आकडा निघतो. फाइलीत एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी तो पार बदलतो. चार फाइलींच्या आकड्यांची यादी, खाली 'तपासले' असा शेरा. त्यांनी ती मशीनवर ताडून दाखवली. चारही जुळले. फुकटचं सॉफ्टवेअर आणि बाईमाणसाचा हात, दुसरं काय होणार, असंही वर बोलले.

सुनयनाने पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. यादी कुठून आली, एवढंच विचारलं.

"आम्हीच केली. उतरवून झाल्यावर."

"म्हणजे माल तुमचा आणि वजनही तुम्हीच केलेलं."

तिने फॅक्स पुढे केला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेले आकडे, पुण्याच्या एका कॉलेजातून सकाळीच मागवलेले. पण तो साहेबांच्या हातात दिला नाही. पोपटकाकांना हाक मारली.

काका आता ऑफिसचे शिपाई, पण त्याआधी तीस वर्षं दाणाबाजारात मापाडी. पोत्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचून वाचूनच पाठ झालेली. बाजाराची रीत त्यांच्या अंगात मुरलेली: पुकारणारा वेगळा, आणि ज्याला संशय त्याने काट्यासमोर उभं राहायचं. त्यांनी फॅक्स हातात घेतला, साहेबांना स्क्रीनवरच्या सीडीच्या आकड्यांसमोर बसवलं, मी पुकारेन त्या अक्षरावर बोट ठेवा म्हणाले.

मापाड्याचं पहिलं माप कधी 'एक' नसतं. ते 'लाभ' असतं.

"लाभाला सात. दुसऱ्याला बी. तिसऱ्याला शून्य."

पहिली फाइल बत्तीसच्या बत्तीस जुळली. दुसरी जुळली. तिसरीही. साहेब घड्याळाकडे बघू लागले. काकांनी घसा खाकरून चौथी घेतली.

"लाभाला नऊ."

साहेबांचं बोट हलेना. स्क्रीनवर तीन होता.

"दुसऱ्याला डी."

तेही नव्हतं. काकांनी तरी बत्तीसही पुकारली. माप अर्धवट सोडायची त्यांना सवय नाही.

फॅक्सच चुकला असेल, साहेब पुटपुटले.

"तीन पोत्यांना काटा बरोबर, आन् चौथ्यालाच बिघडला व्हय?" काका म्हणाले. "लाभालाच खोट हाय, साहेब."

उतरवताना फाइल बिघडली होती, आणि त्या बिघडलेल्या फाइलीचाच आकडा काढून कुणीतरी यादीत लिहिला होता. खोट्याला खोटं जुळणारच. साहेबांनी आपण होऊन पत्राची घडी घातली, खिशात सारली. विषय मिटला म्हणाले. नवी सीडी उद्या येईल, आता सगळ्यांना चहा सांगू.

सुनयनाला चहा नको होता. तिने मुख्य कचेरीचा नंबर फिरवला, थेट मोठ्या साहेबांना मागितलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. कोपऱ्यातला टाइपरायटर थांबला. पोपटकाका भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले, जसे भरल्या गाडीपाशी राहायचे.

"सर, वाशीहून सुनयना बोलतेय. तुमची चौथी फाइल खराब आहे. रणजीत साहेबांनी स्वतः बोट ठेवून बघितलंय. त्या यादीखाली 'तपासले' कुणी लिहिलं?"

पलीकडून उद्या बघू, असं काहीतरी आलं.

"उद्या नाही, सर. नाव सांगा. मी फोन धरलाय."