कपाटाची दारं

सुतार परवडणारा नव्हता, म्हणून पहिल्यावहिल्या घराचं जुनाट स्वयंपाकघर तिनेच अंगावर घेतलं. कपाटांची दारं उतरवली, घासली, रंगवली, पुन्हा बिजागऱ्यांवर बसवली. बोटांची सालटी निघाली. नवरा अधूनमधून येऊन फोटो तेवढे काढून जायचा.

सासूबाईंसोबत घर बघायला आलेले काका दारावरून हात फिरवत म्हणाले, "वा! कारागिराने तोंडात बोट घालावं असं काम आहे."

"घरच्या घरीच केलं, काका," नवरा छाती फुगवून म्हणाला. "सुट्टीत थोडं थोडं. हिने चहा मात्र वेळेवर दिला हं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक स्टुलावर चढली, स्क्रू काढले आणि वरचं दार उतरवून त्याच्या हातात दिलं.

"बसवून दाखव. काकांना बघू दे."

तो दार उलटसुलट फिरवत राहिला. तेवढ्यात सासूबाई उठल्या. आता आपली खरडपट्टी निघणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी येऊन स्टूल घट्ट धरलं.


"शेजारचंही काढ गं. ह्याच्या वडिलांनीसुद्धा आमचं स्वयंपाकघर असंच 'स्वतः' केलं होतं!"