शेवटचा रकाना

"आधी डोळे मिट," विश्वासराव म्हणाले.

देविकाला डोळे मिटायचे नव्हते. सकाळचे सातच वाजले होते, तरी जुलैचा उकाडा मी म्हणत होता. फरीदाबादमागची टेकडी चढून दोघांनाही धाप लागली होती आणि तिला अजून दोनशे सोळा रोपट्यांच्या नोंदी घ्यायच्या होत्या. पण बाबा हटूनच बसले, तेव्हा तिने मिटले. वनशास्त्रात पीएचडी करणारी सत्तावीस वर्षांची बाई वडिलांचा हात धरून आपल्याच प्लॉटवर चाचपडत गेली.

"उघड आता!"

तिने डोळे उघडले.

प्लॉटवर गवत नव्हतं, झुडपं नव्हती, तिने सुतळीने आखलेले चौकोनही नव्हते. सगळी जमीन भादरून काढलेली. तिच्यात रांगेने कमरेएवढी रोपं उभी होती. गुलमोहर, सप्तपर्णी, पुन्हा गुलमोहर. प्रत्येकाभोवती विटांचं आळं आणि विटांना चुना.

"साठ झाडं!" विश्वासराव म्हणाले. "गेल्या शनिवारी तू सेमिनारला गेलीस ना, तेव्हा उरकलं. आमचा अख्खा मॉर्निंग वॉकचा ग्रुप आला होता. उल्हासने पाण्याचे कॅन खांद्यावरून वर आणले, या वयात! म्हटलं, पोरगी तीन वर्षं एकटी राबतेय आणि जागा बघावी तर नुसतं रान माजलेलं. दोन मजूर लावले आणि बिल्कुल स्वच्छ करून घेतली."

त्या माजलेल्या रानातच धौची रोपटी होती. धौ हे अरवलीचं घरचं झाड. ते कुणी हौसेने लावत नाही आणि दोन वर्षांत जेमतेम वीतभर वाढतं. कुणी न लावता, कुणी पाणी न घालता यातली किती जगतात आणि मरतात ती कशाने, एवढाच देविकाचा अभ्यास होता. त्यासाठी तिने तीन पावसाळे गुडघ्यांवर रांगत काढले होते. परक्या माणसाला ती रोपटी तण वाटली असती तर नवल नव्हतं. पण बाबा दर महिन्याला तिला स्कूटरवरून पायथ्याशी सोडत आणि ती उतरेपर्यंत खाली पेपर वाचत बसत. एकदा, फक्त एकदा वर येऊन विचारलं असतं तर!

चौकीदार राजबीर काठी टेकत जवळ आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आधीच हात जोडले. "मॅडम, हमने तो पूछा था. साहब बोले, बिटिया का ही काम है."

"आणि तुझे बिल्ले बघ," विश्वासरावांचा उत्साह अजून उतू जात होता. "एकही हरवू दिला नाही."

प्रत्येक नव्या रोपाला तिचा ॲल्युमिनियमचा नंबर तारेने बांधला होता. उरलेले बिल्ले त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून आणले होते. धुऊन, पुसून.

"बाबा, ती मेली."

"कोण?"

"सगळी. ज्यांचे हे नंबर होते ती."

तिने चार वाक्यांत सांगितलं. पाचवं, जानेवारीत थीसिस द्यायचा आहे हे, तिला बोलवेना. विश्वासराव ऐकत राहिले. मग एकदम वाकले आणि त्यांनी समोरच्या गुलमोहराचं खोड धरलं.

"चलो, उपटतो. आत्ताच्या आत्ता सगळी उपटतो."

"त्याने काय होणार आहे?"

ती इतक्या जोरात ओरडली की राजबीर मुकाट्याने पाठ फिरवून निघून गेला. तिला अजून ओरडायचं होतं. पण समोरचा माणूस दोन्ही हातांनी खोड धरून, तसाच वाकून उभा होता आणि त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर गेल्या शनिवारचा चुना होता. राग आला तरी तो घालायचा कुठे, हेच तिला कळेना.

ती खाली बसली आणि तिने नोंदवही उघडली. महिन्याची नोंद ही नोंदच. नंबर, उंची, पानं आणि शेवटचा रकाना मृत्यूच्या कारणाचा. पानाच्या माथ्यावर तिनेच चार कारणं लिहून ठेवली होती: पाण्याचा ताण, चराई, वणवा, तोड. एक नंबरपुढे पेन थांबलं. तोड म्हटलं की गाइड विचारणार, कुणी केली? तिने लिहिलं, चराई.

विश्वासरावांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"इथे बकरी कुठे आली होती?"

"राहू दे ना बाबा."

"तीन वर्षं या वहीत काही खोटं लिहिलंयस?"

ते तिच्या शेजारी, आपणच रचलेल्या विटांवर बसले आणि त्यांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. 'चराई'वर एक सरळ रेघ मारली. चार कारणांतलं एकही त्यांना पटेना. मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात, सावकाश, नवीन कारण लिहिलं: वृक्षारोपण.

"सांग," ते वहीतून वर न बघता म्हणाले, "पुढचा नंबर."