बंद दारासाठी प्रार्थना

लग्नानंतर सुटलेली नर्सची नोकरी तिला पुन्हा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. ही बातमी तिने नवऱ्याच्याही आधी पाळकबाईंच्या कानावर घातली. मन मोकळं करावं अशी चर्चमध्ये तीच एक जागा होती.

शुक्रवारच्या महिला सभेत बायकांनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं. तिच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. डोळे मिटून पाळकबाईंनी आवाज चढवला, "प्रभू, आमच्या या बहिणीची जागा तिच्या घरात आहे. जे दार तू उघडलं नाहीस, ते बंद कर!"

"आमेन!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

सगळे हात झटकून ती व्हरांड्यात आली आणि तिने हॉस्पिटलला फोन लावला. "सोमवारी मी नक्की येतेय हं."

"अहो बाई, चेष्टा करताय का? सकाळी तुम्हीच तर फोन करून नको म्हणालात. संसार हीच माझी सेवा, म्हणालात. फोन ठेवताना आम्हाला आशीर्वादसुद्धा दिलात! जागा भरली आता."

मागून कुणीतरी तिच्या हातातला फोन अलगद काढून घेतला.

"बघितलंस?" पाळकबाई मायेने म्हणाल्या. "आपण मागायच्या आधीच ऐकतो तो."